ओहायोत 'रिप्लेसमेंट लेव्ही' बंद: बरं झालं की वाईट?

कोलंबसकर
घरमालमत्तेवरचा मतदारांनी मंजूर करायचा स्थानिक कर म्हणजे लेव्ही. १९७६च्या हाउस बिल ९२०मुळे घरांचे भाव चढले की लेव्हीचा दर आपोआप उतरतो, जमा रक्कम जवळपास तेवढीच राहते. मुदत संपल्यावर रिन्यूअल केलं तर उतरलेला दर चालू राहतो. रिप्लेसमेंट केलं की मूळ दर परत यायचा. २०२५मध्ये विधिमंडळाने राज्यपाल डिवाइन यांचा नकाराधिकार धुडकावून ही वाट बंद केली. योग्यच केलं.

घर ३ लाख डॉलरचं धरा. करपात्र किंमत ३५ टक्के, म्हणजे १,०५,०००. मिल म्हणजे हजारी एक डॉलर. ५ मिलची लेव्ही ३वर उतरली असेल तर रिन्यूअलला ३१५, रिप्लेसमेंटला ५२५. वर नोव्हेंबर २०१३पूर्वी मंजूर झालेल्या लेव्हीवर राहत्या घराला साडेबारा टक्के सूट असायची. रिन्यूअलमध्ये ती टिकायची, रिप्लेसमेंटमध्ये जायची. म्हणजे २७६चे ५२५! आणि मतदाराला वाटणार, ५चे ५च तर आहेत.

बंबवाला
हिशेब बरोबर, निष्कर्ष नाही. ९२०मुळे लेव्हीवर चालणाऱ्या अग्निशमन दलाच्या हाती दहा वर्षांपूर्वीचेच डॉलर राहतात, नव्या बांधकामाची भर पडेल तेवढीच. पगार आणि ॲम्ब्युलन्स त्या भावात मिळतात का? शिवाय रिप्लेसमेंटलाही मतदान लागायचंच.

कोलंबसकर
मग 'रिन्यूअल आणि वाढ' मागा की. चालू कर वेगळा, २ मिल वाढ वेगळी, दोन्ही मतपत्रिकेवर.

बंबवाला
प्रश्न एकच असतो. 'वाढ' बघून लोकांनी नाही म्हटलं की जुने ३ मिलही पडतात. दलाचा कोणता प्रमुख हा जुगार खेळेल? तो नुसतं रिन्यूअल घेईल आणि एखादी जागा रिकामी ठेवेल.

मिलमोजणी
दोघंही भलत्याच दाराशी भांडताय. बिल फुगतं ते शाळांच्या २० मिलच्या तळामुळे. शाळेच्या चालू खर्चाचा प्रभावी दर २०ला टेकला की ९२०ची कपात थांबते. मग दर तीन वर्षांनी मूल्यांकन वाढलं की कर वाढतो, तोही मतदानाशिवाय. आणि इमर्जन्सी लेव्ही, म्हणजे ठराविक रक्कम उभी करायला शाळांनी घ्यायची लेव्ही, त्या २०मध्ये धरतच नसत, त्यामुळे तळाला टेकूनही वरून इमर्जन्सी घेता यायची. काउंटी ऑडिटरच्या (जिल्ह्याच्या मालमत्ता कराचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) दरपत्रकात आपल्या शाळेची ओळ काढा. तिथे चालू खर्चाचा प्रभावी दर २०.०० दिसला तर रिप्लेसमेंट गेली तरी मूल्यांकन वाढलं की शाळेचा कर वाढणारच.