मोहरमच्या पंजातील पाच बोटांचा अर्थ: पाच स्तंभ की पाच व्यक्ती?

प्रश्न (कडेगाव परिसरातील वाचक):
सर्वांना नमस्कार. आमच्या भागात मोहरमला उंच ताबूत उभे राहतात, पीर बसतात आणि पंजे (हाताच्या पंजाच्या आकाराची निशाणे) मिरवले जातात. त्यात हिंदू घराण्यांनाही पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे. गावासाठी मोहरमची एक माहितीपुस्तिका तयार करण्याचे काम आम्ही काही जणांनी हाती घेतले आहे. पंजाची पाच बोटे म्हणजे इस्लामचे पाच स्तंभ, असे काही वडीलधारे सांगतात. ती पाच व्यक्तींची खूण आहे, असे इतरांचे म्हणणे आहे. यांपैकी काय लिहावे? शिवाय, पाच ही संख्या इस्लाममध्ये मुळातच पवित्र मानली जाते काय?

उत्तर (मिरजेतील वाचक):
सलाम आणि नमस्कार. मोहरमच्या पंजापुरते बोलायचे, तर ही पाच बोटे पंजतन पाक यांची, म्हणजे पैगंबर मुहंमद साहेब, त्यांचे जावई हजरत अली, कन्या बीबी फातिमा आणि नातू इमाम हसन व इमाम हुसैन यांची होत. त्याला आधार आहे तो चादरीच्या प्रसंगाचा. पैगंबरांच्या पत्नी बीबी आयेशा यांनी सांगितलेली आणि ‘सहीह मुस्लिम’ या सुन्नी संग्रहात आलेली हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) अशी, की पैगंबर साहेबांनी या चौघांना एकेक करून आपल्या चादरीखाली घेतले आणि घरच्या मंडळींना शुद्ध करण्याविषयीची कुराणातील आयत (33:33) म्हटली. शिया परंपरा त्या आयतीतील ‘घरची मंडळी’ म्हणजे हेच पाच असे मानते. आयतीच्या मागेपुढे पैगंबरांच्या पत्नींना संबोधन असल्याने बहुतेक सुन्नी विद्वान त्यांचाही त्यात समावेश करतात.

पंजाला आणखी एक संदर्भ आहे आणि तो पुस्तिकेत यायलाच हवा, असे मला मनापासून वाटते. हिजरी 61 च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, म्हणजे इ. स. 680 मध्ये, करबला येथील लढाईत इमाम हुसैन यांचे निशाण त्यांचे भाऊ हजरत अब्बास यांच्याकडे होते. तहानलेल्या मुलाबाळांसाठी फुरात (युफ्रेटिस) नदीचे पाणी आणताना त्यांचे दोन्ही हात तोडले गेले. निशाणाच्या टोकावरील हात हा त्यांचाही हात मानला जातो.

उत्तर (साताऱ्यातील वाचक):
वरील उत्तराशी मी सहमत आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. पाच स्तंभांची गणना पैगंबरांचे सहकारी इब्न उमर यांच्या हदीसमध्ये येते: कलिमा (श्रद्धेची साक्ष), नमाज, जकात (सक्तीचे दान), हज आणि रमजानचे रोजे. ही पाच कर्तव्ये आहेत आणि त्यांचा पंजाशी मूळचा संबंध नाही. शिया परंपरेत तर धर्माची मूलतत्त्वेही पाचच सांगतात (तौहीद म्हणजे एकेश्वरत्व, अदल म्हणजे ईश्वरी न्याय, नबुव्वत म्हणजे पैगंबरत्व, इमामत म्हणजे इमामांचे नेतृत्व आणि कयामत म्हणजे अंतिम निवाड्याचा दिवस) आणि ती या स्तंभांहून वेगळी आहेत.

तरीही पाचाला खरा धर्मशास्त्रीय अर्थ कोठे लाभला असेल, तर तो मेराजच्या कथेत, असे माझे मत आहे. ‘सहीह बुखारी’ आणि ‘सहीह मुस्लिम’ या दोन्ही हदीस-संग्रहांत ती येते. पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या रात्री दिवसाला पन्नास नमाज ठरवून दिल्या गेल्या. परत येताना पूर्वीचे पैगंबर हजरत मूसा यांनी, लोकांना एवढे झेपणार नाही, पुन्हा जाऊन सवलत मागा, असे वारंवार सुचवले आणि संख्या कमी होत होत पाचावर आली. त्या वेळी अल्लाहने सांगितले, की या पाच आहेत आणि या पन्नासच आहेत, माझा शब्द बदलत नाही. एका सत्कृत्याचे दसपट फळ मिळते, असे कुराण म्हणते (6:160). तो हिशेब येथे तंतोतंत जुळतो. म्हणजे कर्तव्य हलके झाले, पण त्याचे मोल उणावले नाही. या ‘पाच’मध्ये मला कृपेचे माप दिसते. संख्येत स्वतःचे काही सामर्थ्य आहे, असे मात्र यावरून निघत नाही. पाचही नमाजांची गणती कुराणात एके ठिकाणी एकत्र नाही, ती हदीस आणि आचरण यांतून आली आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. आमच्याकडचे मुस्लिम बहुतांशी सुन्नी आहेत. मग पंजा आमच्या गावात कसा रुजला?

उत्तर (मिरजेतील वाचक):
पैगंबरांच्या घराण्याविषयीचे प्रेम केवळ शियांचे नाही. चादरीची हदीस सुन्नी संग्रहातच आहे, हे पाहिले म्हणजे यात विसंगती राहत नाही. दुसरे असे, की आपला मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि तिचा संस्थापक युसुफ आदिलशाह याने शिया पंथाला राजाश्रय दिला होता. मोहरमच्या थाटात त्या काळाचा वाटा असावा, असे मला वाटते. ताबूत आणि पंजे यांना विरोध करणारे सुन्नी आलिमही (धर्मपंडितही) आहेत. पुस्तिकेत तेही एका वाक्यात नोंदवा. पंजतनचा परिच्छेद पंजाच्या छायाचित्राशेजारी घ्या आणि पाच स्तंभांची माहिती वेगळ्या पानावर द्या, म्हणजे दोन्हींची सरमिसळ होणार नाही.