मदत हवी आहे: लांबची दीर्घिका म्हातारी की तान्ही? मुलांना काय सांगू?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या शाळेत मी आणि दोन मित्र अमावास्येच्या आसपास मुलांना आकाश दाखवतो. सहा इंची दुर्बीण आहे, आणि लाईट गेली की आकाश असं खाली उतरून येतं की बघत राहावं. मी बँकेतून रिटायर झालोय, फिजिक्स बारावीपर्यंतच, बाकी सगळं वाचून वाचून जमवलेलं, त्यामुळे जाणकारांची मदत हवीये.

गेल्या वेळी देवयानी दीर्घिका दाखवत होतो. आमच्याकडे ती नुसत्या डोळ्यांनीही धुरकट ठिपक्यासारखी दिसते. हा उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय हे सांगितलं, इथपर्यंत मुलांना पटतं. मग मोबाईलवर अलकनंदाचा फोटो दाखवला, आपल्या पुण्यातल्या एनसीआरए-टीआयएफआर या खगोलशास्त्र संस्थेच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंमधून शोधलेली सर्पिल दीर्घिका, आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं की ही 1200 कोटी वर्षांपूर्वीची आहे. तर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, मग ती म्हातारी की तान्ही?" मी म्हटलं, अगं तेव्हा तान्ही होती, आता असलीच तर म्हातारी. ती म्हणते, "तान्ही होती तर तिला एवढ्या मोठ्या भुजा कशा फुटल्या?"

मी गप्प झालो. उद्या विचारून सांगतो म्हटलं, त्याला आता तीन आठवडे झाले.

रात्री बसून वाचायला लागलो तर गोंधळ वाढलाच. एके ठिकाणी लिहिलंय की जेड्स-जीएस-झेड14-0 नावाच्या दीर्घिकेचा उजेड 1350 कोटी वर्षं प्रवास करून आला, दुसरीकडे तीच 3380 कोटी प्रकाशवर्षं लांब आहे असं लिहिलंय, विश्वच 1380 कोटी वर्षांचं असेल तर हा आकडा आला कुठून? वर सगळे म्हणतात लांबच्या दीर्घिका लाल दिसतात, आणि म्हातारे तारे लाल असतात हेही खरं, मग लाल म्हणजे लांबची की म्हातारी? आणि त्यात एका व्हिडिओत ऐकलं की विश्वाचं वय खरं तर 2670 कोटी आहे आणि वेबनं महास्फोट खोटा पाडला. हा व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवर फिरतोय, म्हणून जास्त काळजी आहे. मुलांना चुकीचं काही सांगायचं नाहीये.

प्लीज सोप्या भाषेत सांगा, गणित थोडं चालेल.

पहिला प्रतिसाद

काका, त्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर जागी बसलाय. "वय" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. उजेड किती वर्षांपूर्वी निघाला ही एक, आणि उजेड निघाला तेव्हा त्या दीर्घिकेतले तारे किती वर्षांचे होते ही दुसरी. पहिली कळते रेडशिफ्टवरून, म्हणजे आपल्या पुस्तकातली ताम्रसृती: वाटेत उजेडाच्या लाटा किती ताणल्या गेल्या याचा आकडा, त्यात 1 मिळवला की किती पट ते कळतं. दुसरी ताऱ्यांच्या रंगावरून आणि वर्णपटावरून (उजेड रंगारंगांत फोडून मिळणारा पट्टा) काढावी लागते आणि ती जास्त अवघड.

अलकनंदाचंच बघा. तिचा रेडशिफ्ट साधारण 4, म्हणजे उजेड निघाला तेव्हा विश्व जेमतेम 150 कोटी वर्षांचं होतं. तिच्या ताऱ्यांचं तेव्हाचं सरासरी वय निघालं सुमारे 20 कोटी वर्षं. म्हणजे उजेड जुना, तारे कोवळे. आपला सूर्यच 460 कोटी वर्षांचा आहे. म्हणून "तान्ही" म्हणालात ते चुकलेलं नाही, फक्त बाळसं भलतंच धरलेलं, वर्षाला साठेक सूर्यांइतके तारे ती घडवत होती आणि पसरली होती 30 हजार प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या लवकर एवढ्या रेखीव भुजा कशा आल्या हे शास्त्रज्ञांनाही अजून सुटलेलं नाही, सगळ्यांचा अंदाज होता की तेव्हाच्या दीर्घिका वेड्यावाकड्या गोळ्यांसारख्या असणार. हे त्या मुलीला जरूर सांगा, तिनं जे विचारलं तोच आज संशोधनाचा प्रश्न आहे.

ताऱ्यांचं वय कसं काढतात ते तुमच्या शिवारातल्या झाडांवरून सांगता येईल. पपई झटकन वाढते, दोनेक वर्षांत लगडते आणि लवकर जाते. वड सावकाश वाढतो आणि पिढ्यानपिढ्या उभा असतो. लांबून एखादं गाव बघितलं आणि सगळीकडे लगडलेली पपईच दिसली तर एवढं नक्की की तिथं नुकतीच लागवड झालीये. मोठे निळे तारे म्हणजे ही पपई, सगळ्यात जड तारे तीसेक लाख वर्षांतच संपतात, त्यामुळे निळा उजेड दिसला की तिथं तारे आत्ता घडतायत. पण पपईच्या गर्दीमागे एखादा जुना वड आहे का, हे तेवढ्यावरून कळत नाही, कारण निळे तारे इतके तेजस्वी असतात की म्हातारे तारे झाकले जातात. म्हणून वर्णपटात 365 नॅनोमीटरच्या आसपास पायरी पडलीये का बघतात, ती ठळक असली तर काही कोटी वर्षांहून जुने तारे भरपूर आहेत असं समजायचं.

आणि लाल दिसण्याची कारणं तीन: विश्व प्रसरण पावल्यामुळे लाटा ताणल्या गेल्या, किंवा तारे म्हातारे, किंवा मधे धूळ. संध्याकाळी ऊस तोडणीच्या धुरळ्यातून सूर्य तांबडा दिसतो तसं धुळीचं. तिन्ही एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही.

दुसरा प्रतिसाद

1350 आणि 3380 चं मी सांगतो, ऑफिसमधून टाइप करतोय त्यामुळे थोडक्यात. दोन्ही आकडे खरे आहेत. 1350 कोटी वर्षं हा प्रवासाचा वेळ. पण उजेड चालत असताना मधली जागाही ताणत होती, त्यामुळे ती दीर्घिका आज 3380 कोटी प्रकाशवर्षांवर असेल. तिसरा आकडा मला जास्त आवडतो: उजेड निघाला तेव्हा ती आपल्या जागेपासून साधारण 220 कोटी प्रकाशवर्षांवरच होती. 3380 ला 15 नं भागा, तेवढंच येतं, कारण तिचा रेडशिफ्ट 14 च्या आसपास, म्हणजे त्यानंतर विश्व 15 पट ताणलं गेलं.

याचा एक विलक्षण परिणाम होतो. वस्तू लांब जाईल तशी लहान दिसते हे एका मर्यादेपर्यंतच खरं. रेडशिफ्ट 1.6 च्या पलीकडे उलटं सुरू होतं, तेवढ्याच आकाराची दीर्घिका जितकी लांब तितकी पुन्हा मोठी दिसायला लागते, कारण उजेड निघाला तेव्हा ती जवळ होती. तरी त्या दिसत का नाहीत? कारण उजेड भयंकर पातळ होतो. अलकनंदाचा पृष्ठभाग 600 पटींहून जास्त फिका पडतो, आणि त्या जेड्स-जीएस-झेड14-0 चा, थोडक्यात झेड14 चा, 50 हजार पटींहून. म्हणून एवढी मोठी दुर्बीण अवकाशात न्यावी लागली. आणि ती इन्फ्रारेड का, तर हायड्रोजनचा 121.6 नॅनोमीटरचा अतिनील उजेड 15 पट ताणून 1850 च्या आसपास आलेला असतो, डोळ्यांना तो दिसतच नाही. फोटोतले रंग नंतर भरलेले असतात, हेही मुलांना सांगा, नाहीतर त्यांना वाटतं तिथं गेलो तर असंच दिसेल.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. पपई आणि वड तर उद्याच फळ्यावर काढतो. 220 चा आकडा वाचून मी दोन वेळा भागाकार करून बघितला. पण व्हिडिओचं काय? मुलांचे आईवडीलही विचारतात.

तिसरा प्रतिसाद

2670 कोटी हा आकडा ओटावा विद्यापीठातल्या राजेंद्र गुप्तांच्या 2023 च्या पेपरातला. तो रीतसर छापून आलेला पेपर आहे, अफवा नाही. वेबला सुरुवातीच्या काळात अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका सापडल्या, त्यांना वाढायला वेळ कुठून मिळाला हा प्रश्न खराच होता. गुप्तांनी प्रसरणासोबत "प्रकाश वाटेत थकतो", म्हणजे ऊर्जा गमावून लाल होतो, ही जुनी कल्पना जोडली आणि निसर्गाचे स्थिरांक बदलतात असं धरलं. पण मग आपल्या आकाशगंगेतल्या गोलाकार तारकागुच्छांमधले सगळ्यात जुने तारे 1200-1300 कोटींच्या घरातच का थांबतात? 2000 कोटींचा एकही तारा नको का सापडायला? आणि नुसता थकलेला प्रकाश असता तर लांबचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, जवळच्यांच्याच चालीनं मावळले असते. प्रत्यक्षात रेडशिफ्ट 1 वरचा सुपरनोव्हा मावळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणजे काळही ताणलेला दिसतो, हे प्रसरणानंच होतं. तेजस्वी दीर्घिकांसाठी विश्वाचं वय दुप्पट करण्याआधी साधी कारणं तपासली जातायत, तारे झटक्याझटक्यानं घडले, धूळ कमी होती, वगैरे.

दुसरं, घाई किती महागात पडते याचं उदाहरण सांगा. सीअर्स-93316 ही दीर्घिका 2022 मध्ये फिल्टरच्या रंगांवरून रेडशिफ्ट 16 ची वाटली होती, वर्णपट घेतला तर निघाली 4.9 ची. धूळ आणि वायूच्या चमकत्या रेषांनी फसवलं. उलट झेड14 चा वर्णपटही आला आणि 2025 मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीनं तिच्यात ऑक्सिजनही शोधला; तो जड ताऱ्यांच्या पोटात घडतो, म्हणजे विश्व 30 कोटी वर्षांचं असताना तिथं जड ताऱ्यांची एक पिढी जगून मरूनही गेली होती. पपई एकदा लावून, काढून, पुन्हा लावलेली.

आणि नारळीकर सरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. फ्रेड हॉइल आणि त्यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या सिद्धांतात, लांबचं विश्व आणि जवळचं विश्व सरासरी सारखंच दिसायला हवं होतं, म्हणजे तो तपासता येईल असा सिद्धांत होता. लांबच्या दीर्घिका लहान, गोळ्यागोळ्यांच्या, निळसर निघाल्या, हे त्याच्या विरोधात गेलं. तरी प्रश्न असा मांडायचा की आकाशानं उत्तर देता आलं पाहिजे, हे आम्ही सरांची भाषणं ऐकून शिकलो. मुलांना तेही सांगा.

धागालेखक

सर गेले त्या दिवशी मी शाळेत त्यांच्यावर बोललो होतो, आता हेही सांगेन. शेवटचं विचारतो, आमच्या सहा इंची दुर्बिणीतून जास्तीत जास्त जुना उजेड कुठला दिसेल? फोटो नको, त्या मुलीच्या डोळ्यात थेट पडेल असा.

पहिला प्रतिसाद देणारा

3सी 273. कन्या राशीत, एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास छान वर येतो. हा क्वासार आहे, एका दीर्घिकेचं धगधगतं केंद्र, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं फिकं) 12.9 च्या आसपास, म्हणजे तुमच्या दुर्बिणीच्या अगदी काठावर, पण पाटणच्या अंधारात जमेल. दिसणार साध्या ताऱ्यासारखाच, म्हणून आधी नकाशावरून शेजारचे तारे पाठ करून घ्या आणि मुलांचे डोळे अर्धा तास अंधाराला सरावू द्या, मोबाईल पूर्ण बंद. उजेड साधारण 200 कोटी वर्षांपूर्वी निघालाय. तेव्हा पृथ्वीवर झाडं, जनावरं काहीच नव्हती, नुसते सूक्ष्मजीव.

धागालेखक

चैत्रातली अमावास्या धरतो. शोधायचा नकाशा कुणाकडे असेल तर इथं टाका, मी मोठा प्रिंट काढून शाळेत लावतो. पहिला नंबर तिचाच.