खरेदीखताचा मसुदा आलाय, कुठलं कलम कशासाठी असतं?

प्रश्न:
शेतजमिनीच्या खरेदीखताचा मसुदा वकिलांकडून आला आहे. लिहून देणार, लिहून घेणार इथपर्यंत समजतं. पुढची कलमं काय काम करतात आणि सहीआधी बारकाईने काय बघावं?

प्रतिसाद १:
सगळ्यात आधी मिळकतीचं वर्णन. गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा), चतुःसीमा (चारही बाजूंना कोणाची जमीन आहे ते). ताजा सातबारा शेजारी ठेवून आकड्याला आकडा जुळवा. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, व्यवहार बोलला जातो एकर-गुंठ्यांत. ४० आर म्हणजे ४००० चौ. मी., एकर म्हणजे सुमारे ४०४७. ‘एक एकर’ लिहून कंसात ४० आर टाकलं की मोजणीच्या दिवशी भांडण ठरलेलं.

चतुःसीमा जुन्या खतावरून जशाच्या तशा उतरवतात, तेही टाळा. शेजाऱ्याचं नाव बदलतं, म्हणून नावासोबत त्याचा गट नंबरही घाला. आणि गटात सहहिस्सेदार असून वाटप झालेलं नसेल, तर एकट्याने दिलेल्या तुकड्याच्या चतुःसीमांना अर्थ राहत नाही. आधी वाटप करून घ्या, नाहीतर बाकीच्यांच्या ‘संमती देणार’ म्हणून सह्या घ्या.

प्रतिसाद २:
मालकीची हकीकतही वाचा. विकणाऱ्याकडे जमीन वारसाने आली, खरेदीने की वाटपाने, हे फेरफाराच्या (मालकी बदलाच्या महसुली नोंदीच्या) क्रमांकासह हवं. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) असेल तर खतात ‘निर्वेध व निजोखमी’ (कसलाही बोजा नसलेली) लिहून तो उतरत नाही. ‘तोशीस (झळ) लागू देणार नाही’ या कलमाचा उपयोग पुढे हक्कावर कोणी दावा केला तर विकणाऱ्याकडून भरपाई मागण्यासाठी.

प्रश्नकर्ता:
थोडी रक्कम पुढच्या तारखेच्या चेकने द्यायची आहे. चालेल?

प्रतिसाद ३:
चालेल, पण मग ‘सर्व रक्कम भरून पावलो’ लिहू नका. प्रत्येक चेकचा नंबर, तारीख, बँक आणि रक्कम भरणा तपशिलात यायला हवी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात किंमत दिलेली असो वा देण्याचं कबूल केलेलं, विक्री होतेच. चेक वटला नाही तर विकणाऱ्याला मुख्यतः वसुलीचा दावा करावा लागतो, म्हणून चेक न वटल्यास काय, याची अट घालायला तो सांगेल. ते रास्तच आहे. ताबा आज की रक्कम वटल्यावर, हेही स्पष्ट लिहा.

प्रतिसाद १:
एक राहिलं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. नोंदणीनंतर सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) लगेच तपासा. चूक दिसली तर दोघांच्या सहीने चूक दुरुस्ती पत्र नोंदवता येतं; विकणारा नंतर सहीला आलाच नाही तर दिवाणी कोर्टाशिवाय मार्ग नाही. फेरफाराला हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. नोंद मंजूर झाली का, हे सातबारावर स्वतः बघा.