किंग्ज लँडिंग बघायला दुब्रोवनिकला जातोय, दोन दिवसांत काय काय बघू?

मिठागरवाला:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात मी आणि बायको क्रोएशियाला चाललोय, त्यात दुब्रोवनिकला दोन दिवस आहेत. गेम ऑफ थ्रोन्स ही सीरियल आम्ही लॉकडाऊनमध्ये रात्री जागून जागून संपवली, पुस्तकं मी नंतर वाचली, आणि तेव्हापासून त्यातली किंग्ज लँडिंग ही राजधानी, समुद्रातनं वर आलेली तटबंदी, लाल कौलं, गल्लीबोळ, काही केल्या डोक्यातनं जात नाही. तर पहिला प्रश्न, शूटिंगच्या जागा आपल्या आपण फिरून होतात की टूर घ्यावी? दुसरा जरा वेगळा आहे. पुस्तकात त्या शहरात पाच लाखांच्या आसपास माणसं राहतात, तीन टेकड्या, सात वेशी, नदीचं मुख. एवढं शहर खात काय असेल, आणि खरं दुब्रोवनिक असंच होतं का?

कोपरा_खोली:
टूर नको, सगळं चालत होतं. जुन्या शहराच्या पिले वेशीजवळ छोटीशी खाडी आहे, तिथे उभं राहिलात की एका बाजूला लोव्रियेनात्स किल्ला आणि दुसऱ्या बाजूला तटबंदी, तोच तो राजवाड्याचा भाग. सीरियलमध्ये राणीला चालवत आणतात त्या पायऱ्या म्हणजे जेझुइट चर्चसमोरचा जिना. राजवाड्याच्या बागेसाठी शहराबाहेर त्रस्तेनोला जावं लागतं, बसने जाता येतं. तटबंदीवर मात्र सकाळी उघडल्या उघडल्या चढा, जवळजवळ दोन किलोमीटरचा फेरा आहे आणि वर सावली नाही, आम्ही अकराला गेलो आणि बायकोला चक्कर आली. त्याच तिकिटात लोव्रियेनात्स पण येतं, ते जपून ठेवा. आणि हो, पहिला सीझन तिकडचा नाहीच, तो माल्टात शूट झालाय, दुब्रोवनिक दुसऱ्यापासून. व्हिसा शेंगेनचाच चालतो, २०२३ पासून युरो पण आहे.

उंबरठा:
कोपरा_खोली यांनी जागा बरोबर सांगितल्यात, पण दादा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. जे शहर राजाची राजधानी म्हणून जगाने पाहिलं तिथे शेकडो वर्षं राजाच नव्हता हो! ते रागुसा नावाचं प्रजासत्ताक होतं, अगदी १८०८ ला फ्रेंचांनी बंद पाडेपर्यंत. सगळी सत्ता सरदार घराण्यांच्याच हातात, म्हणजे आजच्यासारखी लोकशाही नव्हे, पण त्यांच्या प्रमुखाची, रेक्टरची मुदत किती तर एक महिना. त्या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचं, सरकारी काम असेल तरच बाहेर पडायचं. कोणी एक माणूस डोईजड होईल याची एवढी धास्ती. आता लोव्रियेनात्स बघा, बाहेरच्या बाजूची भिंत १२ मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची फक्त ६० सेंटीमीटर, म्हणजे उद्या किल्लेदारच फिरला तर शहरातनं तोफा डागून ती पाडता यावी. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, जगातलं सगळं सोनं दिलं तरी स्वातंत्र्य विकणं बरं नव्हे. सीरियलमध्ये तिथेच सिंहासनासाठी माणसं मरतात आणि खऱ्या दारावर हे वाक्य. मी तिथे किती वेळ उभी होते मलाच माहीत नाही. टूरवाला मात्र दोन मिनिटांत फोटो काढून पुढे नेतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाण्याचं म्हणाल तर १४३८ च्या सुमारास ओनोफ्रिओ नावाच्या इटालियन कारागिराने साधारण १२ किलोमीटरवरनं पाट काढून पाणी आणलं, पिले वेशीतनं आत शिरल्या शिरल्या त्याचा गोल हौद दिसेल, १६ मुखं आहेत, आजही लोक बाटल्या भरतात. साथीच्या गावांहून आलेल्यांना शहराबाहेर ३० दिवस थांबवायचा नियमही यांनी १३७७ मध्येच केला होता. कौलं नीट बघा. जी जास्त भडक नारिंगी आहेत ती बरीचशी १९९१-९२ च्या युगोस्लाव्ह सैन्याच्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं फुटल्यावर नवी घातलेली आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना शहर जळताना आठवतंय, सीरियलमधलं नाही, खरं.

दर्यावरचा:
खाण्याच्या प्रश्नावर. पुस्तकात उत्तर आहे, शहराचं धान्य दक्षिणेच्या सुपीक मुलखातनं रोझरोड नावाच्या रस्त्याने येतं, तो रस्ता तिथल्या सरदारांनी अडवल्यावर राजधानी उपाशी पडते आणि रस्त्यात दंगल होते. माझ्या मते पुस्तकातल्या शहराला दुब्रोवनिकपेक्षा कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जास्त जवळचं. तिथेही गोल्डन हॉर्न खाडीच्या तोंडाला साखळी लावून शत्रूची जहाजं अडवायचे, आणि पाण्यावर पेटणारी ती ग्रीक आग. पुस्तकातल्या लढाईत साखळी आणि हिरवी आग दोन्ही आहेत, सीरियलमध्ये साखळी गाळली ते मला अजून खटकतं. दुब्रोवनिक त्या मानाने छोटं, लढून नाही तर बोलणी करून टिकलेलं, तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी द्यायचे आणि व्यापार मोकळा ठेवायचे.

तिसवाडीकर:
व्यापारावरनं आठवलं, आमच्या गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्रासचं चर्च आहे, ते सोळाव्या शतकात या रागुसाच्याच व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. सांव ब्रास म्हणजे संत व्लाहो, दुब्रोवनिकचा राखणदार, ३ फेब्रुवारीला त्याचं फेस्त. लहानपणी आजीबरोबर त्या वाटेने कितीदा गेलोय, पण हा संत एवढ्या लांबच्या शहराचा हे फार उशिरा कळलं.

मिठागरवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा ताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, आता त्रस्तेनो रद्द, तो वेळ रेक्टरच्या वाड्याला. तिसवाडीकर, तिकडनं तुम्हाला काही हवंय का?

तिसवाडीकर:
एक फोटो पाठवा. पिले वेशीवर संत व्लाहोची मूर्ती आहे, तिच्या हातात अख्खं शहर धरलेलं असतं, ते जवळनं बघायचंय.