हेन्रिसनचा प्रभाव कुणाच्या खात्यावर मांडायचा?

अनगोळच्या बाई
नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका गावच्या साहित्य संमेलनात मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय तुमचा तुम्ही ठरवा म्हणाले, फक्त सीमाप्रश्न नको, त्याला दुसरे वक्ते आहेत. मी रॉबर्ट हेन्रिसन घेतला. संयोजक म्हणाले, "बाई, हे कोण की?"

पंधराव्या शतकातला स्कॉट्स भाषेतला, म्हणजे स्कॉटलंडच्या इंग्रजीजवळच्या भाषेतला कवी. तिथल्याच डन्फर्मलिन गावी शाळामास्तर होता. माझाही जन्म खडूच्या धुरळ्यातच गेला, म्हणून आधी जवळचा वाटला, कवी म्हणून नंतर. त्यानं इसापाच्या गोष्टी पद्यात सांगितल्यात. त्यातली दोन उंदरी बहिणींची गोष्ट मी गल्लीतल्या पोरांना आपल्या बोलीत सांगते. थोरली शहरात राहून व्यापाऱ्यांच्या संघाची सभासद झालीय, तिला चक्क जकात माफ! धान्याच्या पेटीत, चीजच्या फडताळात, कुठंही जायची मुभा. धाकटी बिचारी रानात, काट्याकुट्यात. थोरली तिच्या घरी येऊन जेवण बघून नाक मुरडते आणि तिला शहरात घेऊन जाते. तिथं पोटभर मेजवानी झाल्यावर, आपण विडा खातो तशी, तोंडाला चव म्हणून दोघी पांढरी मेणबत्ती कुरतडतात. "अक्का, ह्ये काय खालालीस गं?" असं मी धाकटीच्या तोंडी घातलं की पोरं लोळतात. मग मांजर येतं.

पण माझा प्रश्न त्याच्या दुसऱ्या काव्याबद्दल आहे, क्रेसिडच्या. ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस, त्याला सोडून त्याची प्रेयसी क्रेसिड दुसऱ्याची झाली, इथपर्यंत चौदाव्या शतकातला इंग्लिश कवी चॉसर यानं लिहिलेलं. हेन्रिसनचा म्हातारा निवेदक कडाक्याच्या थंडीत चुलाण्यात लाकूड सारतो, घोटभर घेतो, चॉसरचं पुस्तक वाचतो. मग दुसरं एक पुस्तक उघडतो आणि म्हणतो, चॉसरनं लिहिलं ते सगळं खरं कशावरून? आणि क्रेसिडचं पुढं काय झालं ते सांगायला लागतो. तिला कुष्ठरोग होतो, ती भीक मागते.

१५३२ साली लंडनला चॉसरचं समग्र छापलं, त्यात हे काव्य चॉसरच्याच काव्याला जोडून दिलं. लोकांनी चॉसरचंच समजून वाचलं. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'मध्ये विदूषक म्हणतो की क्रेसिडा भिकारीण होती. चॉसरची क्रेसिड भीक मागतच नाही, ती झोळी हेन्रिसनची. मग प्रभाव कुणाचा म्हणू?

दुसरं रेल्वे गेट
हेन्रिसनचाच, त्यात काय विचारायचं? विहीर कुणी खणली हे पाणी पिणाऱ्याला ठाऊक नसलं म्हणून विहीर दुसऱ्याची होत नाही.

तुमच्या भाषणात जॉर्ज बॅनटाइनला जागा द्या. १५६८ साली एडिंबराला साथ होती, हा गडी घरात बसून जुन्या कविता उतरवून काढत होता. शेकड्यांनी. त्यात हेन्रिसनच्या इसापनीतीतल्या दहा गोष्टी आहेत. त्याच बाडातून कवी अ‍ॅलन रॅमझेनं १७२४ मध्ये 'एव्हर ग्रीन' हा संग्रह काढला आणि जुनी स्कॉट्स कविता परत वाचकांपुढं आली. माझ्या आजीनं कॉलऱ्याच्या वर्षी तिच्या सासूच्या जात्यावरच्या ओव्या अशाच एका हिशोबाच्या वहीत लिहून घेतल्या होत्या. अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड, मधेच दूधवाल्याचे पैसे. ती वही नसती तर त्या ओव्या आमच्या घरात कुणालाच ठाऊक नसत्या.

निपाणीचा तंबाखू
बाई, राग मानू नका, पण संमेलनाला येणाऱ्यांपैकी स्कॉटलंडचा नावाजलेला कवी बर्न्स याचं नाव चौघांनी ऐकलं असेल, हेन्रिसनचं एकानंही नाही. कसला आलाय प्रभाव? उंदरीचीच गोष्ट सांगा, टाळ्या पडतील.

नंदगड रोड
टाळ्यांचं राहू द्या. 'कुणाचा प्रभाव' यापेक्षा 'प्रभाव झाकला का गेला' हे विचारा. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या धर्मसुधारणेनंतर देवळात बायबल वाचलं गेलं ते इंग्लिश. मर्डोक निस्बेटनं १५२० च्या सुमारास नवा करार स्कॉट्समध्ये उतरवला होता, पण तो हस्तलिखितातच राहिला, छापला गेला विसाव्या शतकात. १६०३ ला स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचाही राजा झाला आणि लंडनला गेला. दरबार गेला, देवाची भाषाही परकी, मग त्या भाषेतल्या कवीला कोण विचारणार? आपल्याकडं १२९० लाच ज्ञानेश्वरी झाली. राज्यं आली, गेली, पण रात्री पारायणाला मराठीच राहिली. आमच्या गावात सातबारा कन्नडमध्ये येतो, हरिपाठ मराठीत होतो. सीमाप्रश्न नको म्हणालात, तर हे वाक्य गाळा!

आणि रेल्वे गेटवाले, विहिरीचा दाखला मला पटला नाही. विहीर जाग्यावर राहते. ह्या काव्यावर पाटी बदलून लावली होती.

अनगोळच्या बाई
सातबाऱ्याचं वाक्य गाळणार नाही, संयोजकांकडं बघून घेईन.

निपाणीकर, तुमचंही खरं आहे, पण एक सांगते. आयर्लंडचा कवी शेमस हीनीनं २००९ मध्ये क्रेसिडचं काव्य आणि सात गोष्टी आजच्या इंग्रजीत आणल्या. तो उत्तर आयर्लंडच्या अशा मुलखात वाढला जिथं स्कॉट्सच्या वळणाची बोली कानावर पडायची. म्हणजे पाचशे वर्षांनी हेन्रिसनला हाक मारली ती त्याच्या भाषेच्या शिवेवरच्या माणसानं. मी भाषणाची सुरुवात यानंच करणार आहे.

आता अडलंय एका शब्दाशी. शेवटी ट्रॉयलस घोड्यावरून जाताना रस्त्याकडेला कुष्ठरोगी बसलेले. त्यात क्रेसिड. तो तिला ओळखत नाही, पण तो चेहरा बघून त्याला जुनी क्रेसिड आठवते आणि तो सोन्याची थैली तिच्या पदरात टाकून निघून जातो. तीही त्याला ओळखत नाही. नंतर सोबत्यांना विचारते, कोण होता हो हा? तिच्या हातात एक वाटी आणि वाजवायच्या लाकडी पट्ट्या असतात, रोगी येतोय हे लोकांना कळावं म्हणून. त्या पट्ट्यांना काय म्हणू? 'चिपळ्या' लिहिलं तर भजनी मंडळ डोळ्यापुढं येतंय.

दुसरं रेल्वे गेट
'खुळखुळा'?

अनगोळच्या बाई
बाळाचा वाटतो. काल शेजारच्या आजींना तो भाग वाचून दाखवला. त्या शेंगा सोलत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "खडखडं म्हण की. लांबनं ऐकू आलं पायजे, त्यासाठीच हाय न्हवं त्ये?" खडखडं लिहिलंय.