सी हॉक हवं, तेही विक्रांतसकट

मारुत आणि नॅट ही हवाई दलाची जुनी लढाऊ जेट विमानं उडवण्याच्या गेममध्ये यावीत, अशी मागणी इथे आधी कुणीतरी केलीय, तिला माझंही मत. फक्त मारुतची दुबळी ऑर्फियस इंजिनं जशीच्या तशी ठेवा. उगाच ताकद वाढवून दिली तर ते मारुत कसलं?

पण नौदलाला सगळे विसरलात राव! आणि म्हणे आपण मुंबईकर. नौदलाचं जुनं लढाऊ जेट सी हॉक घ्या: एकच नीन इंजिन, जादा जोर देणारा आफ्टरबर्नर नाही, नाकात २० मिमीच्या चार तोफा. ४ डिसेंबर १९७१ला याच विमानांनी जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. त्यात विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला. जहाजाचा वेग कमी, म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वाराही कमी. अशा वेळी पाणबुड्या शोधणारं पंख्याचं टर्बोप्रॉप विमान अलिझे कॅटापुल्टवरून (विमानाला डेकवरून जोरात पुढे फेकणारी यंत्रणा) उडवायचं म्हणजे खेळणाऱ्याला घाम फुटेल. मला तेच हवंय. नुसती क्षेपणास्त्रं सोडून पळण्यात काय मजा?

ती जुनी विक्रांत मुंबईत दारूखान्याला, जिथे जहाजं तोडतात तिथे, भंगारात तुटली, त्यामुळे मॉडेल करणाऱ्यांना जुने फोटो आणि आराखडेच धुंडाळावे लागतील. अलिझे मात्र गेममधल्या एआयच्या (कॉम्प्युटरच्या) माथी मारू नका, ते स्वतः उडवता आलं पाहिजे.