टॅगची उघडझाप आणि पानाचा वेग

एचटीएमएलच्या मधेमधे पीएचपीचे (सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेचे) टॅग उघडले-मिटले की पान मंदावतं, म्हणून सगळं मार्कअप, म्हणजे पानाचं एचटीएमएल, एको या पीएचपीच्या छापायच्या आज्ञेने छापावं, हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. पीएचपी आधी अख्खी फाइल वाचून तिचे ऑपकोड, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या छोट्या सूचना, बनवतं आणि टॅगबाहेरच्या एचटीएमएलचंही शेवटी एकोचंच ऑपकोड होतं. ५.५ पासून (२०१३) ऑपकॅश, म्हणजे हे ऑपकोड साठवून ठेवणारा भाग, पीएचपीसोबतच येतो. तो चालू असेल तर हे कामही दर विनंतीला नव्याने होत नाही.

ही समजूत बहुधा जुन्या एएसपीच्या (मायक्रोसॉफ्टच्या अशाच पानं बनवायच्या तंत्राच्या) दिवसांतली. एएसपी चालवणाऱ्या आयआयएस या वेब सर्व्हरच्या ४ थ्या आवृत्तीत बफरिंग, म्हणजे पान साठवून एकदम पाठवणं, मुळात बंद असायचं, त्यामुळे बारीकबारीक तुकडे पाठवणं महाग पडे. आयआयएस ५ मध्ये ते आपोआप चालू मिळू लागलं.

वेळ खातो तो डेटाबेस. एका दुकानाच्या साइटवर मी पाहिलं, वस्तूंच्या टेबलात, थेट मार्कअपच्या पोटात, प्रत्येक ओळीला वर्गाचं नाव आणायला वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला वेगळी विचारणा, होती. ५० वस्तूंसाठी ५१ क्वेऱ्या, एक यादीची आणि ५० नावांच्या! दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडणारा एक जॉइन लावला आणि पान झटकन उघडायला लागलं. टॅग एकही कमी केला नव्हता. पीएचपी आणि एचटीएमएलच्या सरमिसळीचा खरा तोटा हाच, की अशी क्वेरी एचटीएमएलच्या गर्दीत कुणाच्या नजरेलाच पडत नाही. म्हणून मी माहिती फाइलच्या वरच्या भागात गोळा करतो, खाली फक्त मार्कअप आणि लूप ठेवतो. आणि एकोच्या अवतरणचिन्हांत हरवलेला, न मिटलेला डिव्ह (एचटीएमएलचा एक टॅग) शोधण्यात अर्धा दिवस जातो, तोही वेळच आहे ना?